कोळी आणि सर्पगंधा : जिवाचे मोल, वंशाचे मोल

स्वाक्षरी कोळी आणि सर्पगंधा हे पूर्व विदर्भातले दोन सजीव शेजारी ठेवले, की नीतिविचारापुढचा एक अवघड प्रश्न उभा राहतो. कोळी संख्येने उदंड आहे. एक मेला तरी त्याच्या जातीला काही उणे पडत नाही. पण तो हिंडणारा, भक्ष्य पकडणारा, इजा होताच ती टाळू पाहणारा प्राणी आहे. सर्पगंधा जागची हलत नाही, तिला मज्जातंतू नाहीत; मात्र जंगलातले तिचे एकेक रोप खणून नेल्यामुळे तिचा वंशच विरळ होत चालला आहे. दोघांत मोल कोणाचे अधिक? जीवदयेच्या कसोटीवर कोळी वरचढ ठरतो, दुर्मिळतेच्या कसोटीवर सर्पगंधा. या दोन कसोट्या एकच गोष्ट मोजतात की दोन वेगळ्या गोष्टी, याचा उलगडा भारतीय धर्मपरंपरा आणि आधुनिक नीतिशास्त्र या दोहोंच्या आधारे करता येतो.

दोन सजीव

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यात बांध्यांची सलग शेती आहे आणि तिला लागून पानझडी जंगल. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पातील कोका अभयारण्य याच जिल्ह्यात येते.

स्वाक्षरी कोळ्याचे शास्त्रीय नाव आर्जिओपी अनासुजा. थोरेल या स्वीडिश अभ्यासकाने १८८७ मध्ये त्याचे वर्णन केले. भारतभर बागा, कुंपणे, झुडपे आणि शेताचे धुरे येथे तो आढळतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत त्याची गोल जाळी विशेष दिसतात. मादी जाळ्याच्या मध्यभागी डोके खाली करून बसते. तिचे आठ पाय दोन-दोनच्या जोडीने चार दिशांना ताणलेले असतात, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला चारच पाय असल्यासारखे वाटते. पायांच्या रेषेत ती जाड पांढऱ्या रेशमाची नागमोडी पट्टी विणते. फुलीसारख्या दिसणाऱ्या या पट्ट्यांमुळेच तिला स्वाक्षरीची उपमा मिळाली. ही पट्टी भक्ष्याला भुलवण्यासाठी असते की पक्ष्यांना सावध करण्यासाठी, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. नर मादीच्या मानाने अगदी लहान असतो. धानाच्या शेतात असे अनेक जातींचे कोळी तुडतुडे आणि पतंग खाऊन पिकाचे रक्षण करतात.

सर्पगंधा हे कण्हेरीच्या कुळातले छोटे झुडूप. जंगलाच्या सावलीत, ओलसर जमिनीत ते गुडघाभर वाढते. पाने बहुधा तीन-तीनच्या वलयात येतात. फुलांचे झुबके पांढरे, कधी गुलाबी छटेचे असतात आणि त्यांचे देठ तांबडे असल्याने हिरव्या पानांवर ते उठून दिसतात. पिकलेली फळे काळसर जांभळी व चकचकीत होतात. औषध मात्र मुळात असते. मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या रक्तदाब कमी करण्याच्या गुणाविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळाकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी त्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. मागणी वाढली तशी जंगलातली खणणी वाढली. मूळ काढले की झुडूप मरते. बियांची उगवणही कमी असते. त्यामुळे गेलेल्या रोपाची जागा लवकर भरून येत नाही. संकटग्रस्त वन्यजीवांच्या व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्पगंधेचा समावेश १९९० मध्ये झाला. भारतात तिची गणना संकटग्रस्त औषधी वनस्पतींत होते.

एकाच मंत्रात कोळी आणि वनस्पती

कोळी आणि वनस्पती यांना एकत्र आणणारा सर्वांत प्रसिद्ध जुना संदर्भ मुंडकोपनिषदात आहे. अक्षर ब्रह्मापासून विश्व कसे निर्माण होते हे सांगताना पहिल्या मुंडकातील एका मंत्राने तीन दृष्टांत दिले आहेत: कोळी स्वतःतून धागा काढतो आणि परत घेतो, पृथ्वीतून औषधी वनस्पती उगवतात, जिवंत माणसाच्या अंगावर केस उगवतात. पहिल्या दृष्टांतामागे बारकाईचे निरीक्षण आहे. गोल जाळे विणणारे अनेक कोळी जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्यातील प्रथिने नव्या धाग्यासाठी पुन्हा वापरतात, हे विसाव्या शतकात प्रयोगांनी सिद्ध झाले.

या मंत्राचा रोख सृष्टीच्या उगमाकडे आहे, तिच्यातल्या जीवांच्या श्रेणीकडे नाही. कोळी आणि वनस्पती येथे समान पायरीवर उभे आहेत, कारण दोघांतून एकच तत्त्व प्रकट होते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने केलेल्या चोवीस गुरूंमध्येही कोळी आहे आणि पृथ्वी या गुरूच्या निमित्ताने परोपकारासाठी जगणारे वृक्ष आले आहेत. संत एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतामुळे हा गुरुविचार मराठी घरांत पोहोचला.

समदर्शनाची ही भूमिका उदात्त आहे, पण निवडीचा प्रसंग आला की ती पुरेशी पडत नाही. सर्व रूपांत एकच तत्त्व आहे म्हटल्यावर कोळी वाचवावा की सर्पगंधा, यासाठी वेगळे कारण उरत नाही. शिवाय हा विचार एका अनुच्चारित गृहीतावर उभा आहे. पृथ्वीतून वनस्पती उगवतात आणि पुन्हा उगवत राहतील, असे तो धरून चालतो. एखादी जात कायमची नाहीशी होईल आणि पृथ्वी ती परत देणार नाही, ही शक्यता त्या द्रष्ट्यांसमोर नव्हती. जाती नामशेष होतात हे विज्ञानाने अठराव्या शतकाच्या अखेरीस, क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या जीवाश्मांच्या अभ्यासानंतरच निःशंकपणे स्वीकारले.

इंद्रियांची पायरी आणि पवनीचा स्तूप

जैन दर्शनाने जीवांची श्रेणी स्पष्ट शब्दांत लावली. जीव जितकी इंद्रिये बाळगतो तितकी त्याची पायरी वरची. वनस्पती एकेंद्रिय आहेत. त्यांना फक्त स्पर्श कळतो. कोळी, विंचू, माशी, भुंगा हे चतुरिंद्रिय: स्पर्श, चव, गंध आणि दृष्टी असलेले. वनस्पती स्थावर जीवांत मोडतात, कोळी हिंडणाऱ्या त्रस जीवांत. गृहस्थाच्या अणुव्रतात त्रस जीवांची जाणूनबुजून हिंसा पूर्ण वर्ज्य आहे, तर स्थावरांची हिंसा शक्य तितकी कमी करायची आहे. या मापाने धुऱ्यावरचा एक सामान्य कोळी जंगलातल्या शेवटच्या सर्पगंधेपेक्षा वर ठरतो. जीव मुळात किती आहेत, थोडे की पुष्कळ, हा मुद्दा या श्रेणीत येतच नाही. प्रत्येक जीव स्वतंत्र आहे, त्याचे कर्म त्याचे आहे, त्यामुळे त्याची गणना जातीच्या हिशेबात होऊ शकत नाही.

बौद्ध विनयाने या प्रश्नाला जरा वेगळे वळण दिले. भंडारा जिल्ह्यात त्याचा संदर्भ दूरचा नाही. वैनगंगेच्या काठी पवनी येथे १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठ यांनी उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीवर मोठा प्राचीन स्तूप उघडकीस आला. तेथील शिल्पांत बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे अंकन आहे. ज्या संघाची ही वास्तू, त्या संघाच्या भिक्षूंसाठी जे नियम होते त्यांत पाचित्तिय नावाच्या दोषांचा एक वर्ग आहे. त्यात अकरावा नियम जिवंत वनस्पती तोडण्याचा आहे आणि एकसष्टावा जाणूनबुजून प्राण्याचा जीव घेण्याचा. दोन्ही दोष एकाच वर्गात येतात आणि दोन्हींचे प्रायश्चित्तही एकच: सहभिक्षूंपुढे कबुली.

वनस्पतीविषयीच्या नियमाची कथाही लक्षात घेण्यासारखी आहे. आळवी येथील भिक्षू झाडे तोडत होते तेव्हा लोकांनी नाराजी व्यक्त केली, की हे श्रमण एकेंद्रिय जिवाला इजा करतात. वर्षावासाचा नियमही अशाच तक्रारीतून आला. पावसाळ्यात हिंडणारे भिक्षू हिरवे गवत तुडवतात आणि बारीक जीवांना चिरडतात, असा लोकांचा आक्षेप होता. म्हणजे कोवळे रोप आणि बारीक प्राणी यांची काळजी एकाच वाक्यात, एकाच ऋतूच्या निमित्ताने घेतली गेली. वनस्पतींना अंतरी संज्ञा व सुखदुःख आहे असे मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायातही म्हटले आहे. मात्र या सर्व परंपरांत काळजीचा विषय एकेक जीव हाच राहिला.

महाराष्ट्रातील दोन साक्षी

तेराव्या शतकातील महाराष्ट्रात हा विचार लोकभाषेत आला. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी भंडाऱ्यात आल्याचे पंथाची परंपरा सांगते. निळभट्ट भांडारेकर हे त्यांचे निष्ठावंत शिष्य याच गावचे. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात एका सशाची लीळा आहे. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या आश्रयाला येतो, आणि शरण आलेल्याला परत देता येत नाही म्हणून स्वामी शिकाऱ्यांची समजूत घालतात. ससा हा काही दुर्मिळ प्राणी नव्हे. त्याला अभय मिळाले ते तो थोडा उरला म्हणून नाही. तो समोर आला, भ्यालेला होता आणि त्याचे प्राण आता या हातांवर अवलंबून होते, म्हणून. चक्रधरांच्या आचारविषयक उपदेशात मुंगीचेही घर आपल्यामुळे उजाड होऊ नये, इतकी दक्षता अपेक्षित आहे.

दुसरी साक्ष ज्ञानेश्वरीची, १२९० मधली. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना ज्ञानेश्वर अहिंसेचा विस्ताराने ऊहापोह करतात आणि एक धाडसी उदाहरण घेतात. एका जिवाला वाचवण्यासाठी आयुर्वेद दुसऱ्या जिवांचा घात करायला लावतो, असे ते दाखवतात. झाडांची मुळे उपटायची, साली सोलायच्या, पाने-डहाळ्या ओरबाडायच्या आणि हे सारे दयेच्या नावाने. सर्पगंधेच्या इतिहासाला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. रक्तदाबाच्या असंख्य रुग्णांना दिलासा देण्याच्या निमित्तानेच या झुडपाची मुळे पोतीच्या पोती भरून निघाली. रुग्णाचे दुःख खरे होते आणि औषधाचा उपयोगही खरा होता. तरीही एका जिवाच्या दयेची किंमत दुसऱ्याकडून वसूल होते, याकडे ज्ञानेश्वरांनी सातशे वर्षांपूर्वी बोट ठेवले. त्यांच्याही नजरेसमोर ओरबाडले जाणारे झाड होते; संपत चाललेली जात नव्हती.

वंश राखणारा विचार

जातीचे रक्षण हे कर्तव्य मानणारा विचार याच प्रदेशात आहे, पण तो ग्रंथांपेक्षा कुळाचारात सापडतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यातील गोंड समाजाच्या गोत्रव्यवस्थेत प्रत्येक गोत्राचे विशिष्ट प्राणी, पक्षी किंवा वनस्पतींशी नाते मानले जाते. त्या गोत्राच्या माणसाने त्यांना इजा करायची नसते. टेकाम गोत्राचा संबंध सागाशी, मरकामांचा आंब्याशी, इरपाचींचा मोहाशी आहे. मराठी समाजातील अनेक कुळांत देवक असते आणि देवकाची वनस्पती तोडू वा जाळू नये असा दंडक असतो.

या आचारात निषेधाचा विषय एक झाड नसून झाडाचा वाण आहे. आपल्या कुळाचे त्या वाणाशी पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते आहे. म्हणून त्या वाणातील कोणतेही झाड आपल्याला राखायचे आहे. त्याला वेदना होते का, त्याला इंद्रिये किती, हे विचारले जात नाही. शिवाय राखणीचे काम वाटून दिलेले आहे. एक गोत्र एक वाण राखते, दुसरे दुसरा. सर्व गोत्रे मिळून रान राखतात. अहिंसेच्या परंपरेने प्रत्येक जिवाला अभय दिले, तर देवकाच्या परंपरेने वाणाला पालक दिला. आजच्या प्रश्नाला लागणारी दोन्ही सूत्रे अशी जवळच होती. ती एकत्र मांडून त्यांचा परस्परसंबंध तपासण्याची वेळ मात्र पूर्वी आली नाही, कारण निर्वंशाचा प्रश्न आजच्या इतका तातडीचा कधी नव्हता.

आधुनिक नीतिशास्त्रातील वाद

पाश्चात्त्य नीतिशास्त्रात हाच वाद गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तीव्र झाला. पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये मांडले, की ज्याला दुःख होऊ शकते त्याचेच हित नैतिक विचारात धरावे लागते. या कसोटीवर वनस्पती थेट बाहेर पडते. कोळी मात्र उंबरठ्यावर उभा राहतो, आणि तो आत येतो की नाही याविषयी प्रयोगांनी विचार करण्याजोगा पुरावा दिला आहे. आयस्नर आणि कॅमझाइन या अमेरिकी संशोधकांनी १९८३ मध्ये स्वाक्षरी कोळ्याच्याच प्रजातीतील दुसऱ्या एका जातीवर निरीक्षणे केली. भक्ष्याने पायाला दंश केला, की हा कोळी काही क्षणांत तो पाय सांध्यापाशी तोडून टाकतो. विष शरीरात चढण्याआधीच. विषातील निरनिराळे घटक वेगवेगळे टोचून पाहिले, तेव्हा सेरोटोनिन आणि हिस्टॅमिन यांसारख्या, माणसालाही वेदना देणाऱ्या घटकांनी पाय तुटला. टोचलेल्या इतर अनेक द्रव्यांनी तुटला नाही. याला वेदना म्हणावे का, असा प्रश्न त्यांनी मोकळा ठेवला. पण ज्याच्याविषयी असा प्रश्न गंभीरपणे विचारता येतो त्याला सहज चिरडण्याचा अधिकार कोणाला उरत नाही.

वनस्पतींच्या बाजूने जगदीशचंद्र बोस यांचे नाव घेतले जाते. आघात, उष्णता, विषे यांना वनस्पती विद्युत्‌ प्रतिसाद देतात हे त्यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी उपकरणांनी दाखवले. परंतु प्रतिसाद आणि अनुभव यांत अंतर आहे. सर्पगंधेचे मूळ उपटताना तिला काही जाणवते, असे मानण्यास आज पुरेसा आधार नाही. तिच्या रक्षणाचा युक्तिवाद दुःखावर उभारला तर तो लंगडा पडतो.

आल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९१५ मध्ये आफ्रिकेतील ओगोवे नदीच्या प्रवासात जीवनाविषयी आदर हे सूत्र निश्चित केले. गुरांसाठी हजारो फुले कापणाऱ्या शेतकऱ्याने घरी परतताना गंमत म्हणून एकही फूल तोडू नये, असे ते सांगत. गरज आणि निष्काळजीपणा यांतला फरक त्यातून लख्ख होतो. पण हे सूत्रही एकेका फुलाशी थांबते.

वंशाचा प्रश्न होम्स रॉल्स्टन यांनी १९८५ मध्ये थेट हाती घेतला. त्यांच्या मते जात ही केवळ व्यक्तींची बेरीज नाही. ती पिढ्यांतून वाहणारी जीवनाची एक धारा आहे, आणि धारा तोडणे हे एका जिवाच्या मृत्यूपेक्षा वेगळ्या प्रतीचे कृत्य आहे, कारण त्यात पुढचे सर्व जन्मही थांबतात. या विचाराची परीक्षा घेणारी घटना कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन क्लेमेंटे बेटावर घडली. माणसाने सोडलेल्या शेळ्या तेथे रानटी होऊन वाढल्या आणि जगात अन्यत्र कोठेही नसलेली रानफुले त्यांनी खाऊन संपवत आणली. अमेरिकी नौदलाने हजारो शेळ्या हटवल्या. त्यांतील पुष्कळ गोळ्या घालून मारल्या. प्राणिमित्र संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि काही शेळ्या जिवंत बाहेर नेल्या. १९९१ पर्यंत बेट शेळ्यांपासून मुक्त झाले. पुढे वनस्पती सावरल्या, आणि २०२३ मध्ये तेथील चार वनस्पतींची नावे संकटग्रस्तांच्या सरकारी यादीतून काढता आली.

येथे दोन्ही बाजूंना खरे काहीतरी होते. शेळीला वेदना होते, फुलाला होत नाही. तरी फुलाचा वंश जगात दुसरीकडे नव्हता, शेळीचा सर्वत्र होता. टॉम रेगन यांनी १९८३ मध्येच इशारा दिला होता, की समष्टीच्या हितासाठी व्यक्तीचा बळी देणारी नीती हुकूमशाहीच्या वाटेला जाते. तो इशारा दुर्लक्षून चालत नाही. जे तत्त्व जातीसाठी शेळीला गोळी घालायला सहज परवानगी देते, ते उद्या माणसांच्या बाबतीतही तसेच बोलू शकते.

दोन दोष, दोन कर्तव्ये

या सर्व विचारांतून एक निष्कर्ष निघतो. कोळ्याचे मोल आणि सर्पगंधेचे मोल एका तराजूत तोलण्याचा प्रयत्नच चुकीचा आहे. कोळ्याच्या बाबतीत घडू शकणारा दोष हिंसेचा आहे. तो एका जिवाविरुद्ध घडतो आणि जीव किती आहेत यावर त्याची गंभीरता अवलंबून नसते. जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जाती नोंदवल्या गेल्या आहेत आणि स्वाक्षरी कोळ्याची जाळी धुऱ्याधुऱ्यावर आहेत, म्हणून समोरच्या कोळ्याचा जीव स्वस्त होत नाही. माणसांची संख्या आठ अब्जांवर गेली म्हणून एका माणसाचा जीव स्वस्त होत नाही, त्याच न्यायाने. सर्पगंधेच्या बाबतीत घडणारा दोष निर्वंशाचा आहे. तो एका झुडपाविरुद्ध नाही, लाखो वर्षे चालत आलेल्या धारेविरुद्ध आहे, आणि त्याची भरपाई करता येत नाही.

दोष दोन, म्हणून कर्तव्येही दोन. पहिल्याला उत्तर संयमाचे आहे: विनाकारण मारू नये, सवयीने चिरडू नये. हे कर्तव्य प्रत्येकावर, प्रत्येक क्षणी आहे आणि हात आवरला की ते पार पडते. दुसऱ्याला उत्तर राखणीचे आहे. जंगलातल्या सर्पगंधेची संख्या ठेवणे, बी पडू देणे, लागवडीतून मागणी भागवणे ही कामे कोणीतरी अंगावर घ्यावी लागतात. नुसता हात आवरून ती होत नाहीत. परंपरेच्या भाषेत पहिले अहिंसेचे व्रत आहे, दुसरे ऋण आहे. पितृऋण वंश पुढे चालवून फेडायचे असते. ज्या वनस्पतीच्या मुळावर माणसाने आपले आरोग्य राखले, तिचा वंश पुढे चालू ठेवणे हेही त्याच जातीचे ऋण ठरते.

यावर एक आक्षेप येतो. सर्पगंधेचे रक्षण केवळ तिच्या उपयोगासाठी असेल, तर ती नीती नाही, हिशेब आहे. त्याचे उत्तर सह्याद्रीतल्या एका फुलात मिळते. जुन्नर, पुरंदर, साताऱ्याच्या कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी ही वनस्पती डाल्झेल यांनी मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने १८६० च्या दशकात नोंदवली. ती महाराष्ट्राबाहेर रानात आढळत नाही. तिच्यावर मोठा व्यापार नाही की मोठा औषधउद्योगही नाही. छाटापासून ती कुंडीत सहज वाढते आणि जगभरच्या हौशी संग्राहकांकडे ती आहे. तरीही कड्यावरून ती नाहीशी झाली तर काहीतरी गंभीर घडले असे जाणकारांना वाटते, कारण कुंडीत रोप राहते पण त्याचे जगणे राहत नाही: कडा, पाऊस, परागण करणाऱ्या माश्या यांच्यासह चालणारी धारा तुटते. उपयोग बाजूला काढला तरी वंशाचे मोल उरते, हे यातून दिसते.

संघर्षाचे प्रसंग

दोन कर्तव्ये एकमेकांच्या आड येतात तेव्हा काय करावे? पहिली गोष्ट, असे प्रसंग वाटतात त्याहून फार कमी असतात. सर्पगंधेच्या फुलांजवळ स्वाक्षरी कोळ्याने जाळे विणले आणि फुलाकडे येणारे कीटक त्यात अडकले, तर जाळे मोडावे का? मोडू नये. सर्पगंधा कोळ्यामुळे कमी झालेली नाही. ती खणणीमुळे आणि जंगल तुटल्यामुळे कमी झाली आहे. दोष ज्याच्याकडून घडला, कर्तव्य त्याच्याकडे जाते. माणसाच्या हातून झालेल्या नुकसानीची भरपाई कोळ्याच्या जिवाने करणे हा अन्याय आहे. शिवाय कोळी आणि फूल यांचे नाते माणसाच्या आधीपासूनचे आहे, आणि त्या नात्यातूनच दोघांच्या जाती घडल्या आहेत.

दुसरी गोष्ट, खरा संघर्ष आलाच तर क्रम ठरवता येतो. जे परत येऊ शकत नाही त्याचे रक्षण आधी, कारण तेथे चूक सुधारायला दुसरी संधी नाही. परंतु त्यासाठी ज्या जिवाला त्रास द्यावा लागतो त्याच्याविषयीचे कर्तव्य संपत नाही. मारण्यापेक्षा हलवणे, हलवण्यापेक्षा अडवणे हा मार्ग आधी तपासायला हवा. सॅन क्लेमेंटेवर जिवंत बाहेर नेलेल्या शेळ्यांनी हा मार्ग शक्य असल्याचे दाखवले.

तिसरी गोष्ट, आज सामान्य असलेले उद्या दुर्मिळ होऊ शकते. भारतात गिधाडे इतकी होती की त्यांची मोजदाद करण्याची गरज कोणाला वाटली नाही. १९९० च्या दशकात गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे त्यांतील तीन जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली तेव्हा फार उशीर झाला होता. धानाच्या बांध्यांतल्या कोळ्यांनाही हाच न्याय लागू आहे. सरसकट फवारणीने तुडतुड्यांआधी कोळी मरतात आणि मग तुडतुडे दुप्पट जोमाने येतात, हा अनुभव आशियातील भातशेतीला मिळाला आहे. त्यातूनच इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरील सत्तावन्न कीटकनाशकांवर बंदी घातली. सामान्य जिवाविषयीची बेपर्वाई हीच पुढे दुर्मिळतेची सुरुवात असते. अहिंसेचे व्रत पाळले गेले, तर निर्वंशाचे ऋण चढण्याची वेळ पुष्कळदा येतच नाही.

या विचाराचे व्यवहारातले रूप साधे आहे. रोवणीनंतर फवारणीचा पंप उचलण्याआधी बांधीतले तुडतुडे आणि कोळी दोन्ही पाहणे. घरातली जळमटे काढताना कोळी झाडूखाली चिरडण्याऐवजी बाहेर सोडणे. जंगलातली सर्पगंधा बी गळण्यापूर्वी न खणणे आणि खणतानाही प्रत्येक ठिकाणी रोपे शिल्लक ठेवणे. औषधासाठी लागवडीचे मूळ घेणे. आणि ग्रामसभांनी, गोत्रांनी, शाळांनी आपल्या रानातला एखादा विरळ वाण देवकासारखा राखायला घेणे. यात कोळ्याला सर्पगंधेपेक्षा खालचे वा वरचे ठरवावे लागत नाही. एकाचे देणे एका जिवाचे आहे, दुसरीचे देणे संपूर्ण वंशाचे. माणसाने दोन्ही द्यायची आहेत, आणि एक दिल्याने दुसरे फिटत नाही.